काशीच्या गच्चीवरील सावली

प्रास्ताविक

दिवस कलला की अंगणातील सावल्या लांबतात, हे आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. शेतात, बांधकामावर किंवा बाजारात राबणारी माणसे घड्याळ न पाहताही सावलीवरून वेळेचा अंदाज बांधतात. या अंदाजाला मापाची जोड दिली, तर त्यातून विज्ञान आणि गणित या दोन्ही विषयांचे कितीतरी ज्ञान मिळू शकते. आपले गाव विषुववृत्तापासून किती दूर आहे, खरी उत्तर दिशा कोणती, पृथ्वीचा घेर किती, अशा प्रश्नांची उत्तरे एका सरळ काठीच्या सावलीत दडलेली असतात.

वाराणसी म्हणजे काशी हे तीर्थक्षेत्र म्हणून आपणांस ठाऊक आहे. त्याच नगरीत गंगेच्या काठी दगडी यंत्रांची एक वेधशाळा आहे, आणि त्याच नगरीत एका मराठी पंडिताने अनेक वर्षे गणित व ज्योतिषशास्त्र शिकवले. त्या दोहोंच्या आधाराने सावलीची ही विद्या आपण प्रस्तुत पाठात समजून घेणार आहोत.

उद्दिष्टे

या पाठाचे अध्ययन केल्यानंतर आपण :
• मानमंदिर वेधशाळेतील प्रमुख यंत्रांचे कार्य सांगू शकाल;
• काठीच्या सावलीवरून दिशा व अक्षांश काढण्याची रीत स्पष्ट करू शकाल;
• जुन्या ज्ञानाच्या पायावर नवे ज्ञान कसे उभारता येते, याचे उदाहरण देऊ शकाल;
• शास्त्रीय विषयावरील लेखात येणाऱ्या पारिभाषिक शब्दांचा योग्य उपयोग करू शकाल.

मूळ पाठ

(१) गच्चीवरील वेधशाळा

वाराणसीत दशाश्वमेध घाटाजवळच मानमंदिर घाट आहे. तेथील पायऱ्या चढून गेले, की दगडी बांधणीचा एक जुना वाडा लागतो. आमेरचे राजे मानसिंह यांनी तो सुमारे १६०० च्या सुमारास बांधला. पुढे अठराव्या शतकात त्यांच्याच घराण्यातील सवाई जयसिंह (१६८८–१७४३) यांनी या वाड्याच्या गच्चीवर वेधशाळा उभारली. दिल्ली, जयपूर, उज्जैन आणि मथुरा येथेही त्यांनी वेधशाळा बांधल्या. त्यांपैकी मथुरेची वेधशाळा आज उरलेली नाही.

जयसिंहांनी यंत्रांसाठी दगड आणि चुना का निवडला असेल? त्यांच्या काळी पितळेची लहान यंत्रे प्रचारात होती. परंतु लहान यंत्राचा आस झिजतो, ते हलते आणि त्यावरील खुणा फार जवळजवळ येतात. एक मीटर त्रिज्येच्या वर्तुळावर एक अंश म्हणजे जेमतेम पावणेदोन सेंटिमीटरांचे अंतर असते. त्रिज्या तीन मीटर केली, की तेच अंतर सव्वापाच सेंटिमीटर होते. मग त्या एका अंशाचे अनेक भाग पाडता येतात आणि मोजमाप अधिक सूक्ष्म होते. त्रिज्या जितकी मोठी, तितका कंस मोठा, हा शाळेतील गणिताचा साधा नियम या दगडी भिंतींच्या मुळाशी आहे.

गच्चीवरील सर्वांत लक्षवेधी यंत्र म्हणजे सम्राट यंत्र. ते एक भव्य छायायंत्र होय. त्यातील मधली भिंत काटकोन त्रिकोणाच्या आकाराची आहे. तिची उतरती कड ध्रुवाच्या दिशेने रोखलेली असते. ही कड जमिनीशी जो कोन करते, तो त्या स्थळाच्या अक्षांशाइतकाच असतो. वाराणसीत तो सुमारे २५.३ अंश आहे. भिंतीच्या दोन्ही बाजूंस वर्तुळखंड असून त्यांवर खुणा कोरलेल्या आहेत. सूर्य जसजसा पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकतो, तसतशी भिंतीची सावली या खुणांवरून सरकत जाते. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते. म्हणून सावली तासाला १५ अंश, म्हणजे चार मिनिटांत एक अंश पुढे जाते.

दुसरे यंत्र दक्षिणोत्तर भित्ती. उत्तर-दक्षिण दिशेत उभारलेल्या या भिंतीवर सूर्याची मध्यान्हीची उंची अंशांत मोजत. नाडीवलय यंत्राची तबकडी विषुववृत्ताच्या पातळीला समांतर बसवलेली असते. त्यामुळे वर्षाचा अर्धा काळ तिच्या उत्तरेकडील बाजूवर ऊन पडते, तर उरलेला अर्धा काळ दक्षिणेकडील बाजूवर. दिगंश यंत्राने एखादा तारा क्षितिजावर कोणत्या दिशेस आहे, हे ठरवीत. चक्र यंत्राने तो विषुववृत्तापासून उत्तरेस वा दक्षिणेस किती अंशांवर आहे, हे कळे.

ही यंत्रे पाहताना एक गोष्ट ध्यानात येते. त्रिकोण, वर्तुळ, कोन, समांतर पातळ्या या भूमितीच्या पुस्तकातील आकृत्या येथे माणसाला चढता येईल एवढ्या मोठ्या होऊन उभ्या आहेत.

पाठगत प्रश्न १
(अ) जयसिंहांनी मोठ्या आकाराची यंत्रे का बांधली?
(आ) सम्राट यंत्राची सावली ४५ अंश सरकण्यास किती तास लागतील?
(इ) सूर्याची मध्यान्हीची उंची कोणत्या यंत्राने मोजत?

(२) सीहोरची पाठशाळा आणि बापूदेव शास्त्री

यंत्रे असली तरी ती समजावून देणारा शिक्षक हवा. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात भोपाळजवळील सीहोर येथे लान्सलॉट विल्किन्सन नावाचे इंग्रज अधिकारी होते. तेथील पाठशाळेकडे त्यांचे विशेष लक्ष असे. सूर्य स्थिर असून पृथ्वी त्याभोवती फिरते, हे नवे शास्त्र विद्यार्थ्यांना कसे शिकवावे, हा त्यांच्यापुढील प्रश्न होता. परक्या भाषेतील परके पुस्तक एकदम हाती दिले, तर ते कोणी स्वीकारणार नाही, हे त्यांनी जाणले होते.

म्हणून त्यांनी आरंभ भास्कराचार्यांपासून केला. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये रचलेल्या ‘सिद्धान्तशिरोमणी’ या ग्रंथात पृथ्वी गोल असून ती कशाच्याही आधारावाचून अंतराळात आहे, असे युक्तिवादाने सांगितले आहे. मग ती आपल्याला सपाट का दिसते? वर्तुळाच्या परिघाचा शंभरावा भाग सरळ रेषेसारखाच दिसतो, आणि माणसाच्या दृष्टीत पृथ्वीचा तर त्याहूनही अल्प भाग येतो, हे त्यांचे उत्तर. आपल्याच आचार्यांचे हे म्हणणे समजले, की पृथ्वी सपाट असल्याची पुराणातील कल्पना विद्यार्थी स्वतःच तपासू लागे. त्यापुढे कोपर्निकसचे मत समजावून घेणे त्यास जड जात नसे. सीहोरचे सुबाजी बापू यांनी याच धर्तीवर १८३६ मध्ये ‘सिद्धान्तशिरोमणिप्रकाश’ हा ग्रंथ मराठीत लिहिला. पौराणिक, सैद्धान्तिक आणि कोपर्निकसचे, अशी तिन्ही मते त्यांनी त्यात शेजारी शेजारी ठेवून तोलली आहेत.

याच पाठशाळेत बापूदेव शास्त्री (जन्म १८२१) शिकले. ते मराठी कुटुंबातील. भास्कराचार्यांचे गणित त्यांनी प्रथम नागपुरात अभ्यासले आणि विल्किन्सन यांनी त्यांची बुद्धी पारखून त्यांना सीहोरला नेले. १८४२ मध्ये काशीच्या संस्कृत पाठशाळेत त्यांची अध्यापक म्हणून नेमणूक झाली. १७९१ मध्ये स्थापन झालेली ती संस्था आज संपूर्णानंद संस्कृत विश्वविद्यालय या नावाने ओळखली जाते. तेथे बापूदेवांनी भारतीय ज्योतिषाबरोबर पाश्चात्य गणितही शिकवले. त्रिकोणमितीवर संस्कृतात आणि बीजगणितावर हिंदीत त्यांनी पुस्तके लिहिली. ‘सूर्यसिद्धान्ता’चे त्यांनी केलेले इंग्रजी भाषांतर १८६१ मध्ये प्रसिद्ध झाले. मानमंदिरातील यंत्रांचे वर्णनही त्यांनी लिहून ठेवले आहे.

या शिक्षणपद्धतीत एक मोलाचा विचार आहे. शिकणारा कोऱ्या पाटीसारखा येत नाही. त्याच्या गाठीशी अनुभव असतो, परंपरेने आलेली माहिती असते. त्या माहितीला सन्मानाने सोबत घ्यावे, पण मापाच्या कसोटीवर तिची परीक्षाही करावी. प्रौढ वयात पुन्हा पुस्तक हाती घेणाऱ्या विद्यार्थ्यास तर हा विचार विशेष आपला वाटेल. गवंडीकाम करणाऱ्याला ओळंबा आणि गुण्या ठाऊक असतो. म्हणजेच लंब आणि काटकोन त्याच्या हातात आधीपासून असतात. त्यांची शास्त्रीय नावे तेवढी त्याने शिकायची असतात.

पाठगत प्रश्न २
(अ) विल्किन्सन यांनी अध्यापनाचा आरंभ भास्कराचार्यांपासून का केला?
(आ) सुबाजी बापूंच्या ग्रंथात कोणत्या तीन मतांचा विचार आहे?

(३) काठीची सावली काय सांगते?

आता दगडी यंत्रांऐवजी एक मीटर लांबीची सरळ काठी घ्या. सपाट जागी ती ओळंबा लावून अगदी उभी रोवा. प्राचीन ग्रंथांत अशा उभ्या काठीस शंकू म्हणतात.

प्रथम दिशा निश्चित करू. काठीच्या बुंध्याभोवती दोरीच्या साहाय्याने एक वर्तुळ काढा. सकाळी सावली लांब असते. ती आखडत जाऊन तिचे टोक ज्या ठिकाणी वर्तुळाला स्पर्श करील, तेथे खूण करा. दुपारनंतर सावली पुन्हा लांबत जाऊन वर्तुळाला दुसऱ्या ठिकाणी स्पर्श करील. तेथेही खूण करा. या दोन खुणांना जोडणारी रेषा पूर्व-पश्चिम दिशा दाखवते. तिला काठीच्या बुंध्यातून काढलेला लंब म्हणजे उत्तर-दक्षिण रेषा. यज्ञवेदी आखण्यासाठी ही रीत शुल्बसूत्रांत सांगितलेली आहे.

सावली उत्तर-दक्षिण रेषेवर येते, तो क्षण मध्यान्हीचा. त्या वेळी सावली दिवसभरातील सर्वांत लहान असते. २० किंवा २१ मार्च आणि २२ किंवा २३ सप्टेंबर या विषुवदिनी सूर्य विषुववृत्तावर डोक्यावर असतो. त्या दिवशी आपण विषुववृत्तापासून जितके अंश दूर असू, तितकाच कोन मध्यान्हीचा सूर्यकिरण आपल्या काठीशी करतो. म्हणजे तो कोन हाच आपला अक्षांश!

वाराणसीचा अक्षांश २५.३ अंश धरून गणित केले, तर एक मीटर काठीची मध्यान्हीची सावली पुढीलप्रमाणे येते :

विषुवदिनी – सुमारे ४७ सेंटिमीटर (कोन २५.३ अंश)
२१ जूनला – सुमारे ३ सेंटिमीटर (कोन १.९ अंश)
२२ डिसेंबरला – सुमारे ११४ सेंटिमीटर (कोन ४८.७ अंश)

कोन काढण्यासाठी त्रिकोणमिती येत नसली तरी अडत नाही. दहा सेंटिमीटरांस एक सेंटिमीटर असे प्रमाण घेऊन कागदावर काटकोन त्रिकोण काढावा. उभी बाजू दहा सेंटिमीटरांची आणि आडवी बाजू ४.७ सेंटिमीटरांची घेतली, की वरच्या टोकाशी होणारा कोन कोनमापकाने मोजता येतो. तो २५ अंशांच्या किंचित वर भरेल.

आता जून आणि डिसेंबरमधील कोनांकडे पुन्हा पाहा. दोहोंची बेरीज ५०.६ अंश, तिची निम्मी २५.३ अंश. हा झाला वाराणसीचा अक्षांश. दोहोंची वजाबाकी ४६.८ अंश, तिची निम्मी २३.४ अंश. पृथ्वीचा आस जितका कललेला आहे, तो हाच कोन, आणि याच कलामुळे ऋतू होतात. दोन मापे, एक बेरीज, एक वजाबाकी आणि दोन भागाकार एवढ्या गणिताने आपले स्थान आणि पृथ्वीचा कल या दोन्ही गोष्टी हाती आल्या. दक्षिणोत्तर भित्तीवर सूर्याची वर्षातील सर्वांत अधिक आणि सर्वांत कमी उंची मोजून हेच साधता येते.

आपले पूर्वज शंकू बारा अंगुळे लांबीचा घेत आणि त्याच्या विषुवदिनीच्या मध्यान्हछायेस पलभा म्हणत. काशीची पलभा सुमारे ५⅔ अंगुळे येते. इंदूर काशीच्या दक्षिणेस असल्याने तेथे ती जवळजवळ बरोबर ५ अंगुळे येते. बारा आणि पाच या काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजू. त्यांच्या वर्गांची बेरीज १४४ + २५ = १६९, आणि १६९ चे वर्गमूळ १३. म्हणजे इंदुरात शंकूच्या शेंड्यापासून सावलीच्या टोकापर्यंत दोरी ताणली, तर ती १३ अंगुळे भरेल. पायथागोरसचा सिद्धान्त असा सावलीतही सापडतो.

(४) गावोगावच्या सावल्या

वाराणसी कर्कवृत्ताच्या उत्तरेस आहे. म्हणून तेथे सूर्य कधीच बरोबर डोक्यावर येत नाही आणि शंकूची सावली कधीच नाहीशी होत नाही. महाराष्ट्र मात्र सर्वस्वी कर्कवृत्ताच्या दक्षिणेस आहे. तेथे प्रत्येक गावी वर्षातून दोन दिवस असे येतात, की मध्यान्ही उभ्या काठीची सावली क्षणभर दिसेनाशी होते. मुंबईत हे दिवस मेच्या मध्यास आणि जुलैच्या अखेरीस येतात. जुलैत आकाश ढगाळ असल्यामुळे मे महिन्यातील दिवस निरीक्षणास अधिक सोयीचा ठरतो.

दोन गावांतील विद्यार्थ्यांनी मिळून मापे घेतली, तर पृथ्वीचा घेरही काढता येतो. वाराणसी आणि विशाखापट्टणम ही शहरे जवळजवळ एकाच रेखांशावर आहेत. एकाच दिवशी मध्यान्ही दोन्हीकडील सूर्यकिरणांच्या कोनांत सुमारे ७.६ अंशांचा फरक पडतो. दोन शहरांमधील सरळ अंतर सुमारे ८४० किलोमीटर आहे. ७.६ अंशांस ८४० किलोमीटर, तर ३६० अंशांस किती? त्रैराशिकाने उत्तर सुमारे ३९,८०० किलोमीटर येते. उत्तर-दक्षिण दिशेने मोजलेला पृथ्वीचा खरा घेर सुमारे ४०,००० किलोमीटर आहे. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात इजिप्तमध्ये एराटोस्थेनीसने याच रीतीने पृथ्वीचा घेर काढला होता.

सावलीची मध्यान्ह आणि घड्याळातील बारा यांत मात्र फरक पडतो. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आहे. वाराणसीचा रेखांश सुमारे ८३ अंश. अर्ध्या अंशामागे दोन मिनिटे, म्हणून तेथील स्थानिक वेळ प्रमाणवेळेच्या दोन मिनिटे पुढे असते. मुंबईचा रेखांश सुमारे ७२.९ अंश असल्याने तेथील वेळ सुमारे ३८ मिनिटे मागे असते. याखेरीज पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार असल्यामुळे आणि तिचा आस कललेला असल्यामुळे, वर्षभरात कमाल सुमारे १६ मिनिटांपर्यंतचा आणखी फरक पडतो. म्हणून घड्याळात बारा वाजताच सावली मोजणारा विद्यार्थी फसतो. सावलीनेच मध्यान्ह ठरवावी, हे उत्तम.

दुर्बीण, प्रयोगशाळा, महागडी पुस्तके यांवाचून विज्ञान शिकता येणार नाही, अशी अनेकांची समजूत असते. शाळा मध्येच सुटलेल्यांना तर ती अधिकच निराश करते. पण काठी, दोरी, ओळंबा आणि वही एवढे साहित्य कोणाच्याही घरी मिळते, आणि ऊन तर सर्वांच्या अंगणात पडते. जो वर्षभर आपल्या अंगणातील सावली मोजून वहीत लिहील, त्याला भूगोलातील अक्षांश आणि गणितातील कोन पाठ करावे लागणार नाहीत.

कृती
महिन्यातून एकदा, एकाच जागी रोवलेल्या एक मीटर काठीची मध्यान्हीची सावली मोजा. दिनांक, घड्याळातील वेळ, सावलीची लांबी आणि कोन असे चार रकाने वहीत आखून नोंद करा.
सूचना : सूर्याकडे कधीही थेट पाहू नये. डोळ्यांना कायमची इजा होते. निरीक्षण नेहमी सावलीचेच करावे.

भाषाभ्यास

शास्त्रीय लेखनात प्रत्येक पारिभाषिक शब्दाला एकच निश्चित अर्थ असतो. ‘उंची’ हा शब्द व्यवहारात डोंगराची वा माणसाची उंची दाखवतो. या पाठात मात्र ‘सूर्याची उंची’ म्हणजे क्षितिजापासून मोजलेला कोन होय. असे अनेक शब्द संधीने तयार झालेले आहेत. जसे : दक्षिण + उत्तर = दक्षिणोत्तर; सूर्य + उदय = सूर्योदय; विषुवत् + छाया = विषुवच्छाया.

आपण काय शिकलात?

• मानमंदिरातील यंत्रे म्हणजे भूमितीतील आकृत्यांची भव्य दगडी रूपे आहेत.
• सीहोरच्या पाठशाळेत परिचित ग्रंथांच्या आधारे नवे शास्त्र शिकवले गेले. बापूदेव शास्त्री यांनी काशीत भारतीय व पाश्चात्य गणिताची सांगड घातली.
• विषुवदिनी मध्यान्हीच्या सावलीवरून स्थळाचा अक्षांश मिळतो.
• दोन ठिकाणच्या मापांवरून पृथ्वीचा घेर काढता येतो.

पाठान्त प्रश्न

१. सम्राट यंत्राची रचना व कार्य आपल्या शब्दांत लिहा.
२. ‘शिकणारा कोऱ्या पाटीसारखा येत नाही’ या विधानाचा आशय स्वतःच्या अनुभवातील उदाहरण देऊन स्पष्ट करा.
३. वाराणसीत विषुवदिनी दोन मीटर काठीची मध्यान्हीची सावली किती लांब पडेल?
४. नागपूरचा रेखांश ७९.१ अंश आहे. तेथील स्थानिक वेळ प्रमाणवेळेच्या किती मागे असेल?
५. वाराणसीत शंकूची सावली कधीच का नाहीशी होत नाही?

शब्दार्थ

वेधशाळा – ग्रहताऱ्यांची स्थाने मोजण्याची जागा
शंकू – सावली मोजण्यासाठी उभा रोवलेला खुंट किंवा काठी
पलभा – बारा अंगुळे शंकूची विषुवदिनीची मध्यान्हछाया
विषुवदिन – दिवस व रात्र जवळजवळ समान असणारा दिवस
गुण्या – काटकोन तपासण्याचे गवंड्याचे साधन
त्रैराशिक – तीन ज्ञात संख्यांवरून चौथी काढण्याची रीत

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. (अ) मोठ्या यंत्रावर अंशांमधील अंतर वाढून मोजमाप सूक्ष्म होते म्हणून. (आ) तीन तास. (इ) दक्षिणोत्तर भित्ती.
२. (अ) परिचित ग्रंथाच्या आधारे नवे शास्त्र विद्यार्थ्यांनी स्वीकारावे म्हणून. (आ) पौराणिक, सैद्धान्तिक आणि कोपर्निकसचे मत.